बाबांच्या आवाजाची बटणं

कॉलेजात मला पहिल्यांदा खरी मजा आली ती बटणामुळे. पडद्यावर एक रिकामी चौकट घ्यायची, तिला फॉर्म म्हणतात. बाजूच्या पेटीतून एक बटण उचलून तिच्यावर आणून ठेवायचं. त्या बटणावर दोनदा टिचकी मारली की मागची कोडची पाटी उघडते. पहिली ओळ आणि शेवटची ओळ कॉम्प्युटरच लिहून देतो, मधली जागा आपली. बटण दाबल्यावर काय व्हावं ते तिथे लिहायचं. मी लिहिलं होतं की ‘नमस्कार’ असं दाखव. बटण दाबलं आणि नमस्कार आला. बुलढाण्याच्या त्या लॅबमध्ये शेजारच्या मुली फिदीफिदी हसल्या, कारण मी पडद्याला उलट नमस्कार केला होता. खरोखर हात जोडून.

हसू देत. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला कोणी नमस्कार केला तर मी उलट करणारच.

त्या दिवशी एसटीने घरी आले आणि हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन ते बटन कोनी दाबलंच नाही तं?”

“तर काही नाही. प्रोग्रॅम वाट पाहत बसतो.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“मंग माह्यीच नोकरी करते ते,” बाबा म्हणाले.

बाबा ग्रामपंचायतीचे शिपाई. आमचं गाव चिखली तालुक्यातलं, उंद्रीहून फाट्याने आत. सकाळी टाकीचा कॉक फिरवून नळाला पाणी सोडायचं, ऑफिस झाडायचं, आणि मग दिवसभर बसून राहायचं. कोणी काही सांगायला आलं की उठून माईक हातात घ्यायचा. ऑफिसच्या छतावर दोन भोंगे आहेत, एकाचं तोंड वेशीकडे, दुसऱ्याचं नाल्याकडे. गावातली कोणतीही गोष्ट बाबांच्या तोंडून गेली की मगच ती झाली असं मानायची पद्धत होती. पाणी सुटलं, जनावरांचा डॉक्टर आला, पोलिओचा डोस आहे, कोणाची शेळी चुकली आहे. “गावकरी मंडळी, जरा कान द्या,” असं म्हणून बाबा एक श्वास थांबत. तेवढ्यात बाया नळाखालची घागर सरकवत, कोणी टीव्हीचा आवाज कमी करी. मग बाबा पुढचं सांगत. झालं की माईकवर पिवळा रुमाल टाकत. रुमाल पडला म्हणजे काम संपलं.

माईकवर बाबा थोडं शाळेतलं बोलत. घरी ‘मले’, ‘तुले’, आणि माईकवर ‘आपल्या सर्वांना’. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं ते शुद्ध बोलणं ऐकून माय डोक्यावरचा पदर तोंडाशी नेऊन हसायची.

पण मयतीची खबर असली की माय हसत नसे. मयत सांगताना बाबा त्या माणसाचं पूर्ण नाव घेत. स्वतःचं, वडलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव, पुढे श्री किंवा श्रीमती, आणि ‘हे आपल्यातून गेले’ असं आदराने. मग वेळ सांगत आणि ‘घरटी एक माणूस या’ म्हणत. पाटील असो की सालदार, एकच चाल. गावात अशी माणसं होती ज्यांना जिवंतपणी कोणी ‘अहो’ म्हटलं नाही. लंगड्या, बहिऱ्या, काळ्या, असंच सगळं आयुष्य गेलं. ते गेल्यावर बाबांनी त्यांना भोंग्यावरून श्रीयुत केलं. अशा वेळी गाव थोडं दचकायचं. अरे, याला नाव होतं का, असं.

माझी डिग्री झाली, चिखलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले, आणि त्याच साली बाबांचा घसा बसला. आधी सगळे म्हणाले, ओरडून बसला असेल. माय हळद-दूध देत राहिली. पण घसा उठेचना. अकोल्याला दाखवलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन न फिरवता सांगितलं. गाठ आहे. जीव वाचेल, पण ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढावी लागेल. आवाज परत येणार नाही.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीजवळ बसले होते. मी त्यांना सांगितलं. ते बाहेर बघत खरखरत्या आवाजात म्हणाले, “मंग माईकवर कोन बशीन?”

जगेन का, दुखेल का, असलं काही नाही. माईकवर कोण बसेल, एवढंच.

गावातही दोन दिवसांत तोच प्रश्न निघाला. आमच्याकडे सरपंच बाई आहेत, पण बाई सही करतात आणि बोलायचं काम त्यांचे यजमान करतात. गाव त्यांनाच सरपंच म्हणतं. ते घरी आले, चहा घेतला, बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

“भाऊ, तू फिकर करू नको. पानी तूच सोडजो, ऑफिस तूच झाडजो. कोनाच्या बापाची हिंमत नाही तुले काढाची. फक्त माईकसाठी दुसरा मानूस पाहा लागन. आता मुक्या मानसाच्या हाती माईक द्यावा तं लोक मलेच हसतीन ना.”

माणूस वाईट नव्हता. खरं तेच बोलत होता. बाबांनी मान हलवली आणि कप उचलून आत नेला. तो कप विसळायला त्यांना इतका वेळ लागला की माय उठून आत गेली.

मला राग आला. बाबांचा नाही, सरपंचांचाही नाही. एवढं शिकले आणि माझ्या हातात काय आहे, असा राग. मग त्या रागातच डोक्यात आलं. हातात बटण आहे.

बाबा रोज जे सांगतात त्यातलं बरंचसं ठरलेलं असतं. ते आताच, आवाज आहे तोवर, मोबाइलमध्ये भरून घ्यायचं. पंचायतीच्या कॉम्प्युटरवर एक फॉर्म करायचा. एकेका खबरीला एकेक मोठं बटण. बटण दाबलं की बाबांचा आवाज वाजेल. भोंग्याच्या मशीनला माईकबरोबर कॉम्प्युटरचीही वायर लावायची. बाबांना एवढंच करायचं, बसायचं आणि दाबायचं.

“दाबनारा मीच ना?” बाबांनी विचारलं.

“तुम्हीच.”

“मंग चाल.”

ऑपरेशनला थोडे दिवस होते. घरात आवाज घुमायचा, रस्त्यावरून मोटरसायकली जायच्या. शेवटी कापसाची खोली सापडली. वेचणी सुरू झालेली, खोलीत छातीएवढा कापूस साठलेला. त्या ढिगात बसलं की आवाज भिंतीला लागून परत येत नाही, जिथल्या तिथे राहतो. बुलढाण्याला मी काचेची रेकॉर्डिंगची खोली पाहिली आहे. आमची कापसाची तिच्यापेक्षा चांगली होती, फक्त शिंका येत.

बाबा कापसात मांडी घालून बसत, मी मोबाइल धरत असे. “गावकरी मंडळी, जरा कान द्या.” श्वास. “नळाला पाणी सोडले आहे.” घसा दुखे, मग आम्ही थांबत असू. ग्रामसभा झाली, लसीकरण झालं, ‘रेशनचा गहू आला’ झालं, चुकलेलं जनावर झालं. मग मी म्हटलं, “बाबा, आता मयत.”

“नाही,” बाबा म्हणाले.

“नावाशिवाय सांगा. गावात दुःखद घटना घडली आहे, एवढंच. नाव लोक विचारून घेतील.”

“बिननावाची मयत मी आजलोक सांगतली नाही.”

“मग नावं घ्यायची का? म्हाताऱ्या माणसांची?”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कोणाच्या तरी वाईटावर टपले आहे. “जित्या मानसाचं नाव मयतीत घेतात का वं? कोनी ऐकलं तं दगड मारतीन आपल्याले.”

विषय तिथेच राहिला असता. पण माय हे सगळं नळावर बोलली, आणि दुसऱ्या दिवशी दारात बोरीवाली बुढी उभी.

नाल्यापलीकडे शेवटचं घर तिचं. अंगणात बोराचं झाड, म्हणून ती बोरीवाली. सून म्हणून लांबून आलेली, नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही. पुढे सगळा जन्म तिने लोकांच्या शेतात निंदण-वेचणी करत काढला. आमच्या गावात तिला पोरंटोरंसुद्धा ‘ए बोरीवाले’ म्हणत, आणि तीही त्यांना तसल्याच शिव्या घालत बोरं देई.

ती थेट कापसाच्या खोलीत आली आणि ढिगाला टेकून बसली.

“बापू, माह्यं नाव घे.”

“काय बोलून राह्यली बुढे,” बाबा म्हणाले. “तुले काय झालं? ठनठनीत तं हायस.”

“झालं नाही म्हनूनच तं आली. झाल्यावर कशी येऊ?” तिने दम घेतला. “तुह्या गळ्यातली पेटी काढून राह्यले म्हने. मंग माह्या टाइमाले कोन सांगीन? तो सरपंचाचा नवरा? तो म्हनीन, बोरीवाली मेली, चला. कुत्रं मेल्यावानी.”

बाबा ढिगातली सरकी चिवडत राहिले.

“बोरीवाली म्हनजो नको. माह्या मायबापानं ठेवलेलं नाव घेजो. नवऱ्याचं घेजो, आडनाव घेजो. श्रीमती म्हनजो. एक डाव तरी गावानं ऐकलं पायजे.”

मग तिने नाव सांगितलं. बाबा तीस वर्षं गावभर नावं घेत आलेले, पण हे त्यांनीही ऐकलेलं नव्हतं. मी तर नाहीच. फार गोड नाव होतं. इथे लिहीत नाही, ते तिने बाबांपाशी ठेवलेलं आहे.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल धरला. बोरीवाली पदर नीट करून बसली, जणू फोटो काढतात. बाबांनी त्या वेळी जो आवाज लावला तो खरखरता नव्हता. कुठून आणला कोण जाणे. झाल्यावर ती म्हणाली, “पुन्हा लाव.” मी लावलं. तिने डोळे मिटून स्वतःच्या मयतीची खबर ऐकली आणि म्हणाली, “बेस झालं. आता केव्हाही जाईन.”

“जाऊ नको,” बाबा म्हणाले, “बोरं पिकू दे.”

त्यानंतर आणखी काही म्हातारे आले. एकेकटे, गुपचूप, जणू दारूच्या दुकानात चालले. दरवेळी बाबा आधी नाही म्हणत, मग कापसात बसत. सरपंचांच्या कानावर गेलं तेव्हा ते हसत हसत आले आणि दारातूनच म्हणाले, “काऊन भाऊ, यमाचं ऑफिस उघडलं काय? माह्यं नको घेजो, मले अजून लय जगाचं हाय!”

आता माझ्यापुढे वेगळाच पेच. बटणावर काहीतरी लिहावं तर लागतं. पंचायतीत दिवसभर माणसांची ये-जा. पडद्यावर जिवंत माणसांची नावं रांगेने लिहिलेली आणि त्यांच्याखाली मयत! मी आधी दुसरा फॉर्म केला, पहिल्यावरचं एक साधं बटण दाबल्याशिवाय तो उघडत नाही असा. तरी बाबांचं समाधान होईना. शेवटी त्यांनीच सुचवलं की नाव लिहूच नको, घराची खूण लिही. तसं केलं. एका बटणावर ‘गिरणी’, एकावर ‘निळं दार’, एकावर ‘वेस’. बोरीवालीच्या बटणावर ‘बोर’. दाबलं की लगेच वाजत नाही, आधी ‘नक्की?’ असं विचारतं, आणि खाली हो आणि नाही. माझ्या एकाही पुस्तकात असला फॉर्म नव्हता. कॉलेजात दाखवला असता तर सरांनी विचारलं असतं, ही कसली नावं? मी सांगितलं असतं, सर, आमच्या गावात अशीच ठेवतात.

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून. श्वास मानेतल्या भोकातून. हाक मारायची तर टाळी वाजवत. माय स्वयंपाकघरातून पळत यायची आणि म्हणायची, “मी काय कबूतर हाव?” बाबांचे खांदे हलत, आवाज नाही. लिहून सांगायचा त्यांना कंटाळा. बोटांनी, डोळ्यांनी सांगत, नाही समजलं तर आपल्यावरच चिडत.

सरपंचांनी फॉर्म पाहिला. “पाहू महिनाभर,” म्हणाले. “जमलं तं जमलं. नाही जमलं तं मानूस पाहा लागन, पहिलेच सांगून ठेवतो.”

पहिल्या दिवशी मी रजा घेऊन हजर होते, सगळं नीट चाललं. बाबांनी कॉक फिरवला, ऑफिसात आले, ‘पाणी’ बटण दाबलं, आणि छतावरून त्यांचाच जुना आवाज गावावर गेला. नळावरच्या बाया घागर तशीच ठेवून वर बघत राहिल्या. बाबाही वर बघत होते, छताकडे. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चिखलीला क्लासवर, आणि सरपंचांचा फोन.

“पोरी, तुह्या बापाले आवर! पानी सोडलं, पानी सोडलं, पानी सोडलं. थांबूनच नाही राह्यलं. बाया म्हनतात टाकी फुटली!”

झालं असं होतं. बटण दाबल्यावर आवाज निघायला क्षणभर लागतो. बाबांना वाटलं, लागलं नाही. आमच्याकडे हापशीला चार-पाच हापसे मारल्याशिवाय पाणी येत नाही, तो हात बाबांचा. त्यांनी बटणालाही तसेच हापसे मारले. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक आवाज पूर्ण होईपर्यंत बाकी सगळं थांबून राहायचं, पण दाबलेलं काहीच वाया जायचं नाही. प्रत्येक दाबणं मागे रांगेत उभं राहायचं आणि आपली पाळी आली की वाजायचं.

“वायर काढा भोंग्याची,” मी म्हटलं.

वायर निघाली. मग फोनवर सरपंचांचा आवाज बदलला. “तुहा बाप हासून राह्यला वं. पोट धरून. आवाज नाही, पन हासून राह्यला.”

ऑपरेशननंतर असे पोट धरून ते पहिल्यांदाच हसले होते. त्या रविवारी मी दुरुस्ती केली. आता बटण दाबलं की ते लगेच करडं पडतं. आवाज चालू आहे तोवर करडंच राहतं, कितीही हापसा. संपलं की पुन्हा उजळतं. बाबांनी करड्या बटणावर मुद्दाम खूप वेळा दाबून पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. काही दिवसांनी सरपंच दुसऱ्या माणसाचं बोलेनासे झाले, पण सोडूनही दिलेलं नव्हतं. एखाद्या नव्या खबरीला बटण नसलं की लगेच म्हणत, “हेच तं मी म्हनत होतो.”

पुढच्या वर्षी, सोयाबीनच्या सोंगणीत, बोरीवाली गेली. सकाळी सकाळी शेजारची बाई धावत ऑफिसात आली. दिवस रविवारचा, म्हणून मी तिथेच होते, कॉम्प्युटरवर काहीतरी करत. सोंगणीचे दिवस म्हणजे गाव सूर्याबरोबर शेतात निघून जातं. आता सांगितलं नाही तर संध्याकाळपर्यंत गावात माणूस नाही. डोणगावकडून तिचा एक भाचा निघाला होता, पण खांद्याला चार माणसं लागतात, लाकडं फोडायला लागतात. तिला कोण होतं?

मी खुर्ची सोडली. बाबांनी माईकवरचा रुमाल बाजूला केला, दुसरा फॉर्म उघडला, ‘बोर’वर दाबलं. नक्की? बाबांनी खुर्चीत ताठ बसून ‘हो’ दाबलं.

कापसाच्या खोलीतला आवाज वर गेला. गावकरी मंडळी, जरा कान द्या. श्वास. मग ते नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, श्रीमती. या आपल्यातून गेल्या आहेत, असं. घरटी एक माणूस या.

आम्ही वाट पाहिली. कोणी आलं नाही.

खिडकीतून रस्ता दिसतो गिरणीच्या वळणापर्यंत. बैलगाडी गेली, एक ट्रॅक्टर गेला, वर बाया बसलेल्या, विळे हातात. थांबलं कोणी नाही. एकाने खिडकीशी मोटरसायकल थांबवून विचारलं, “कोन म्हने हो? दुसऱ्या गावची सोयरी काय कोनाची?” मी बोलणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला. तो माणूस थोडा थांबला आणि निघून गेला.

तेव्हा मला कळलं. बाबांना आधीच कळलं होतं, त्यांचा चेहरा सांगत होता. ते नाव गावात कोणालाच माहीत नव्हतं. जन्मभर जिला बोरीवाली म्हटलं तिची खबर बरोब्बर सांगितली गेली, आणि ती कोणाची ते कोणाला समजलं नाही.

सरपंच आले. त्यांना शेजारणीने सांगितलं होतं. “अरे भाऊ, असं कसं समजीन लोकायले! बोरीवाली म्हन ना सरळ.” आणि ते माईककडे गेले. माईक अजून तिथेच होता, जोडलेला. त्यांनी तो उचलला आणि बाबांनी उठून त्यावर तळहात ठेवला. दाबून ठेवला.

“भाऊ, टाइम चालला. मानसं जाऊन राह्यली वावरात.”

बाबांनी हात काढला नाही. मी म्हटलं, “बाबा, मी सांगते. नुसतं बोरीच्या घराजवळ या, एवढंच.” त्यांनी माझ्याकडेही मान हलवली. नाही. त्यांनी तिला शब्द दिला होता, आणि तो बदलायला त्यांच्यापाशी आता आवाज नव्हता.

मग त्यांनी मला खूण केली. बोट ‘बोर’वर ठेवलं, हवेत पुन्हा पुन्हा गोल फिरवलं. वाजवत राहा. पायात चपला घातल्या आणि बाहेर पडले.

मी दाबलं. बटण करडं झालं. वर बाबांचा आवाज सुरू झाला आणि खाली बाबा रस्त्यावर. ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभे राहिले, हात आडवा करून. ट्रॅक्टर थांबला. बाबांनी एक बोट वर केलं, भोंग्याकडे. ऐका. आणि नाव आलं की दुसरा हात नाल्याकडे केला, शेवटच्या घराकडे. ट्रॅक्टरवरच्या बायांनी आधी भोंग्याकडे पाहिलं, मग नाल्याकडे, आणि त्यातल्या एकीने तोंडावर हात घेतला. “माय वं! बोरीवाली?”

बाबांनी मान नाही अशी हलवली आणि पुन्हा वर बोट केलं. हे नाव. मग पुन्हा नाल्याकडे.

बटण उजळलं, मी दाबलं. करडं झालं. सरपंच माझ्या मागे उभे होते, खिडकीला हात टेकून. बाबा वळणाआड गेले. पुढचं मी पाहिलं नाही, मायने सांगितलं. ते दारोदार गेले. कडी वाजवली नाही, हाक नव्हतीच. नुसते उंबऱ्याशी उभे राहायचे. घरातलं कोणी बाहेर आलं की बोट वर, आणि नाव येईपर्यंत थांबायचं. मग हात नाल्याकडे. दोन घरं झाल्यावर त्यांच्या मागे माणसं चालायला लागली, आणि पुढच्या दारात लोकच एकमेकांना सांगू लागले, पण बाबांनी कोणाला बोरीवाली म्हणू दिलं नाही. कोणी म्हटलं की टाळी वाजवत. मग तो माणूस थांबे, भोंगा ऐके, आणि ते नाव चाचपडत म्हणे. असं सगळं गाव ते नाव शिकत शिकत नाल्यापर्यंत गेलं.

मी मात्र तिथेच, बटण उजळायची वाट पाहत. किती वेळा दाबलं ते मोजलं नाही. शेवटी सरपंचांनी माझ्या खांद्याला हात लावला. “पुरे पोरी. सारे गेले.” आणि स्वतः चप्पल शोधत खाली उतरले. नाल्याकडेच गेले.

दुपार कलल्यावर बाबा परत आले, आंघोळ करून, ओल्या केसांनी. सरपंचही बरोबर होते. मी फॉर्म उघडाच ठेवला होता.

“बाबा, हे बटण काढून टाकू?”

त्यांनी नको म्हटलं. पडद्यावर ‘बोर’वर बोट ठेवलं, मग तळहात आडवा, सपाट केला. राहू दे. मी कोडच्या पाटीत एक ओळ लिहिली, आणि ते बटण करडं झालं. आता ते कोणी दाबलं तरी लागणार नाही, पण जागेवर आहे.

सरपंच वाकून ती बटणं वाचत होते. गिरणी, निळं दार, वेस. पुन्हा वाचली. मग घसा खाकरून म्हणाले, “भाऊ, ते... माह्यं नाही ना यात.”

बाबांनी मान हलवली. नाही.

“आता तं भरताबी येनार नाही.”

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग खाली वाकले, उजव्या पायातली चप्पल काढली, हातात घेऊन सरपंचांना नीट दाखवली, तळ वर करून, मग पुन्हा पायात घातली आणि बोट बाहेर दारोदार फिरवलं, सकाळसारखं.

सरपंच वाकून त्या चपलेकडे बघू लागले. “अंगठा तुटत आला हाय भाऊ,” म्हणाले. “नवी घेऊन देतो. लय दिवस टिकनारी पायजे.”

बाबांचे खांदे हलले. मग त्यांनी पिवळा रुमाल उचलला, माऊसवर टाकला, आणि आम्ही घरी निघालो.